नर्मदा परिक्रमेत भेटलेली माणसं: तुमचे अनुभव

परिक्रमेतल्या चमत्कारांवर भरपूर लिहिलं गेलंय. मैया कुमारिकेच्या रूपात भेटली, अश्वत्थामा दिसला. त्यावर मला वाद घालायचा नाही. इथे मात्र हाडामांसाची माणसं हवी आहेत, वाटेत पुढेमागे चाललेली, एका पडवीत शेजारी आसन लावलेली. सुरुवात मी करते.

ओंकारेश्वरहून दक्षिणतटाने निघाले आणि चौथ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड. सॅक अकरा किलोची. (हो, त्यात टाल्कम पावडरचा डबा होता. हसा.) संध्याकाळी आश्रमात साठीच्या एक माताजी शेजारी टेकल्या. निमाडी बोलायच्या, मला निम्मंच कळे. माझे पाय बघून त्यांनी पोलक्याला टोचलेली सुई काढली, दिव्यावर धरली, दोरा ओवला आणि फोडाच्या आरपार नेऊन दोन्ही टोकं बाहेर लोंबती ठेवली. पाणी रात्रभर दोऱ्यावाटे झिरपतं, कातडी जागेवर राहते. मग विचारलं वगैरे काही नाही, सरळ माझी सॅक कांबळ्यावर उपडी केली आणि दोन ढीग केले. मोठा ढीग आश्रमात राहिला. सकाळी सहाला उठले तर त्या चारलाच निघून गेलेल्या. पुढे त्या कुठेच भेटल्या नाहीत. तिकडे सगळ्या बाया माताजी आणि सगळे पुरुष बाबाजी, त्यामुळे नाव विचारायचं सुचतच नाही.

*

माझा अनुभव एवढा गोड नाही, चालेल ना?

आम्ही एकाच ऑफिसातले तिघे. पंधरा वर्षांची दोस्ती. एकाने निघायच्या आधीच मोबाइलवर हिशोब मांडला: नदी 1312 किलोमीटर, गुणिले दोन, भागिले रोजचे 35, म्हणजे 75 दिवस. दुसऱ्याला वाटेतलं प्रत्येक देऊळ आतून बघायचं आणि वहीत प्रत्येक आश्रमाचा शिक्का घ्यायचा. मला दुपारी तासभर झोप लागते. नवव्या दिवशी एका आश्रमात सेवेकऱ्याने नेहमीचं विचारलं, "कितनी मूर्ती?" म्हणजे माणसं किती. मी म्हणालो तीन. त्याच क्षणाला हिशोबवाला म्हणाला, "एक."

त्या दिवशी शिजवलेलं नव्हतं, सदाव्रत मिळालं. कणीक, डाळ, मीठ, मिरची, बटाटे, प्रत्येकाचं वेगळं. आता गंमत बघा. तवा माझ्याकडे, पातेलं देवळंवाल्याकडे आणि काडेपेटी हिशोबवाल्याकडे. अर्धा तास तिघे तीन कोपऱ्यांत बसून. शेवटी भुकेने आम्हाला एका चुलीपाशी आणलं. टिक्कड करपले, बोललं कुणीच नाही. बडवानीच्या पुढे फुटलो.

पण विमलेश्वर कुणाला चुकत नाही. नदी ओलांडायची नाही, म्हणून मुखापाशी समुद्रातून नावेने पलीकडच्या तटावर मिठीतलाईला जायचं आणि नाव सुटणार भरती असेल तेव्हाच. घाई असो नसो, सगळे तिथे तुंबतात. मी पोचलो तर हिशोबवाला आधीपासून बसलेला, त्याचे 75 दिवस तिथेच वाहून चाललेले. दुसऱ्या दिवशी तिसराही आला. मध्यरात्रीनंतर हाक आली. अंधारात गुडघाभर चिखल तुडवत नावेकडे जाताना माझी चप्पल रुतून बसली. ती उपसून काढली हिशोबवाल्याने. पलीकडे उतरल्यावर मात्र पुन्हा वेगवेगळेच चाललो. तेच बरं होतं, खरं सांगतो.

*

मी गाडीने केली, 17 दिवसांत. त्यामुळे भेटलेली माणसं म्हणजे बसमधलीच. खिडकीवरून झालेली भांडणं चालणार असतील तर लिहितो.

*

शूलपाणीच्या झाडीबद्दल लिहायचंय. तिथल्या जंगलातले मामा लोक, म्हणजे आदिवासी, अंगावरच्या कपड्यांसकट लुटतात, हे घरच्यांनी निघताना इतकं घोकून घेतलं होतं की मी पैसे तीन ठिकाणी शिवून घेतले. प्रत्यक्षात धडगावच्या बाजूला एका पावरा कुटुंबाने ओसरीत झोपायला खाट दिली आणि स्वतः खाली झोपले. मक्याची भाकरी, लसणाची चटणी. हा तुकडा आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातला, तरी आजोबा मराठीत बोलायला लागल्यावर मी दचकलेच. सकाळी वाट दाखवायला टेकाडापर्यंत आले. काठाकाठाने जाणारी जुनी वाट सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, म्हणून आता डोंगर चढावा लागतो. वर पोचल्यावर त्यांनी काठीने खाली दाखवलं. "तिथं आमचं शेत. त्याच्या बाजूला आंबा." मी बघितलं. नुसतं पाणी होतं. काय बोलावं कळेना, तर मी विचारलं, आंबा कुठला होता, रायवळ का? मग ते बराच वेळ आंब्यावर बोलले.

*

मंडल्याच्या पुढे मला एक मौनी बाबा भेटले. गळ्यात पाटी, झोळीत खडू. अमरकंटकपर्यंत, म्हणजे नर्मदेच्या उगमापर्यंत, आठ-नऊ दिवस आम्ही बरोबर चाललो. मी दिवसभर बडबड करायचो, बायकोची, नोकरीची, गुडघ्याची, ते मान डोलवायचे. मला वाटायचं, काय शांत माणूस आहे! तिसऱ्या सकाळी पाटी माझ्यापुढे धरली: "खर्राटे बहुत।" मी खजील. त्या रात्री दुसऱ्या टोकाला आसन लावलं, तरी सकाळी पाटीवर तेच, फक्त खाली एक रेघ वाढलेली. एकदा खडू संपला तर शाळेत शिरून गुरुजींकडून मागून आणला, मला वाटतं माझ्यासाठीच.

अमरकंटकला ते काही दिवस थांबणार होते, मला पुढे दक्षिणतटाला लागायचं होतं. पाया पडलो, डोळे भरून आले. त्यांनी पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे वळवली.

"आज नींद आएगी।"