मेळ्यातले झुले आणि झुलेवाल्यांचं वागणं : तुमचे अनुभव सांगा

मेळा म्हणजे काय हे आम्हा ग्वाल्हेरकरांना कुणी सांगावं लागत नाही. माधवराव शिंद्यांनी 1905 साली तो सुरू केला. माझ्या पणजीने पाहिला, आजीने पाहिला, आईने तर लग्नानंतरची पहिली खरेदी तिथलीच केली. रेसकोर्स रोडला वळलं की पापडाचा वास, मग सॉफ्टी, आणि मग मुलं हात ओढत झुल्यांकडे नेतात. या धाग्यात मला मेळ्याबद्दल तक्रार करायची नाही. गावोगाव फिरणाऱ्या झुल्यांवर जो माणूस झुला चालवायचा दांडा धरून उभा असतो, त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची. मागच्या महिन्यात ती आणि तिचा आतेभाऊ नावेत, म्हणजे पुढे-मागे झुलणाऱ्या नावेच्या झुल्यात, बसले. त्याच रांगेत टोकाला एक धिप्पाड गृहस्थ होते. पायांवर येणारा लोखंडी दांडा त्यांच्या पोटाला टेकला आणि तिथेच थांबला. माझ्या मुलीच्या मांडीत आणि दांड्यात चांगली वीतभर जागा राहिली. नाव वर गेली की ती सीटवरून उचलली जात होती, हे मला खालून स्वच्छ दिसत होतं. मी हात वर करून ओरडले, "भैया, रोको!" त्या पोराने माझ्याकडे पाहिलं, दोन बोटं दाखवली, म्हणजे अजून दोन फेऱ्या, आणि मान वळवली. फोन कानाला होताच.

ती उतरली तेव्हा थरथरत होती. जिन्यावरच उलटी झाली, तर पोरगा म्हणतो, "धोने के पचास दे दो." मी दिले. तेव्हा काही सुचलंच नाही, आणि त्याचाच राग अजून जात नाही.

तुम्हालाही असे अनुभव आले असतील. चांगलेही सांगा, पण सविस्तर लिहा.

माधवगंज

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी मेकॅनिकलचा, म्हणून एक सांगतो. झुलेवाले अशा वेळी "बीच में नहीं रुकता" म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. नावेच्या पोटाखाली मोटरवर फिरणारं एक टायर असतं. ते वर उचलून नावेला टेकवलं की ती ढकलली जाते. ते खाली घेतलं की ढकलणं बंद होतं, मग त्याच टायरने किंवा ब्रेकने वेग कमी करत आणतात. एवढं वजन एका झटक्यात थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. पण तुम्ही हात वर केलात त्याच क्षणी ढकलणं बंद करता आलं असतं. दोन फेऱ्या अजून *द्यायच्या*, हा त्याचा निर्णय होता.

आणि दांड्याचं म्हणाल तर मुलांना मोठ्या माणसांच्या रांगेत बसवायचंच नाही. त्याला दोन मिनिटं लागली असती, दुसरं काही नाही.

दौलतगंजची सून

आम्ही आकाशपाळण्यात सगळ्यात वर होतो आणि लाईट गेली. मी, सासूबाई आणि मांडीवर चार वर्षांचा मुलगा. जानेवारीतली रात्र, वर वारा असा की शालीतून हाडापर्यंत जात होता. जनरेटर सुरू व्हायला वीसेक मिनिटं लागली, त्याचं मला काही वाटलं नाही. यंत्र आहे, बिघडणारच. पण वीस मिनिटांत खालून एक शब्द नाही! आम्ही हाका मारतोय, खाली ते चौघं विडी ओढत उभे. "घबराओ मत, जनरेटर चालू हो रहा है" एवढं जरी कुणी ओरडून सांगितलं असतं, तरी सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला नसता. दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं.

उतरल्यावर विचारलं तर उत्तर आलं, "गिरे तो नहीं ना?"

किलागेट

यावर माझा अगदी उलट अनुभव. भिंडकडच्या एका छोट्या जत्रेत अशीच लाईट गेली. पाळणा लहानच, दहा-बारा डब्यांचा. म्हातारा झुलेवाला लगेच खालून ओरडला, "सब बैठे रहो, कोई खड़ा नहीं होगा, एक-एक करके उतारूँगा." मग तो आणि दोन पोरं लोखंडी आरे धरून पाळणा हाताने फिरवायला लागले. एक डबा खाली आला की आडवी दांडी काढायची, माणसं उतरवायची, आणि लगेच समोरच्या बाजूचा डबा उतरवायचा. एकीकडचं वजन कमी झालं तर पाळणा आपोआप फिरेल, म्हणून. प्रत्येक डब्याला तो सांगत होता, "अब तुम्हारा नंबर चौथा, अब तीसरा." माझ्या बहिणीचं रडं त्या आकड्यांनीच थांबलं. त्याने पैसेही परत देऊ केले. कुणीच घेतले नाहीत.

जीवाजीगंज

माझं छोटंसंच. पाटीवर पाच मिनिटं, रविवारी मिळतात दोन. घड्याळ लावून पाहिलंय. विचारलं की "भीड़ देखो ना".

शिंदे की छावणी

माझ्या भावाला लहानपणापासून एका पायात कॅलिपर, म्हणजे चालायला आधाराची पट्टी, आहे. वय एकतीस, नोकरी करतो, बँकेत. ड्रॅगन ट्रेनची पायरी चढायला त्याला अर्धा मिनिट जास्त लागतो. तो चढत असताना वरच्याने खालच्याला सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, "ऐसे वालों को मत भेजा कर, टाइम खराब होता है." सुरक्षेसाठी नाही म्हणाले असते तर आम्ही मुकाट्याने परत फिरलो असतो, काही झुले त्याच्यासाठी नाहीत हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. पण ते वाक्य! भाऊ काही बोलला नाही. तिकीट खिशात ठेवलं आणि म्हणाला, चल, सॉफ्टी खाऊ. त्यानंतर तो मेळ्यात आलेला नाही, या गोष्टीला तीन वर्षं झाली.

मोरार

माझ्या मावशीचा मेळ्यात चहाचा ठेला असायचा, म्हणून दुसरी बाजूही सांगते. ही पोरं दुपारी उभी राहतात ती रात्री अकरापर्यंत. त्याच फळ्यांखाली ताडपत्री बांधून झोपतात, थंडीत. मेळा संपला की झुला सुटा करून ट्रकवर चढवायचा आणि पुढच्या गावी पुन्हा नटबोल्ट आवळून उभा करायचा, तेही त्यांनीच. मालक तिकिटाच्या खिडकीत बसून फेऱ्या मोजतो. फेऱ्या कमी झाल्या की शिव्या त्या पोराला. त्याला कुणी शिकवलेलंच नसतं की खालून कुणी हात वर केला तर काय करायचं. म्हणून भांडायचं तर खिडकीतल्याशी भांडा.

तरी कॅलिपरबद्दलच्या त्या वाक्याला यातलं काहीही लागू होत नाही. ते चूकच.

सध्या बडोद्यात

माहेर ग्वाल्हेरच्या लष्करचं, सासर इथे दांडिया बाजारात. इकडे हा विषय निघाला की लोक गप्प होतात. अहमदाबादला कांकरियात 14 जुलै 2019 रोजी झुला तुटून दोघं गेले. आणि आमच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला बोट उलटली, सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती, लाईफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. तेव्हापासून कुणी "कुछ नहीं होता, बैठो" म्हटलं की मी मुलांना उतरवूनच घेते. लोक हसतात, हसू देत.

नई सडक, वकील

कामाचं तेवढं सांगतो. तिकीट काढलं की तुम्ही ग्राहक झालात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. अडचण पुराव्याची येते. तिकीट जपून ठेवा, झुल्याचा आणि पाटीचा फोटो घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा. शिवीगाळीचा व्हिडिओ काढत बसण्यापेक्षा दांडा नीट बसला नव्हता त्याचा फोटो जास्त उपयोगी पडतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. छावणीवाल्या ताई, तुमचा अनुभव मी नवऱ्याला वाचून दाखवला, पुढे वाचवेना.

वकीलसाहेब, माझ्याकडे तिकिटाचा अर्धा तुकडा आहे. गुलाबी कागद, त्यावर "नाव" आणि रक्कम, बस. मालकाचं नाव नाही, नंबर नाही. म्हणून एक अर्ज लिहायला घेतलाय. त्यात आधी तीनच मागण्या होत्या : तिकिटावर झुला चालवणाऱ्याचं नाव आणि फोन हवा, मुलांची रांग वेगळी हवी, आणि झुला चालवायच्या दांड्याशेजारी एक माणूस असा हवा ज्याचं काम फक्त बसलेल्यांकडे बघणं. मोरारच्या ताईंचं वाचून चौथी घातली, पोरांच्या कामाचे तास.

रविवारी दुपारी चारला मेळ्याच्या कार्यालयात द्यायला जातेय. ज्यांना जमेल त्यांनी सही करायला या. जुनं तिकीट सापडलं तर आणा, फाटकं असलं तरी चालेल.