एकाच आयपी पत्त्यामागचा सर्व्हर नेमका कोणत्या शहरात आहे, हे कसे ओळखावे?

खानापूरकर:
नमस्कार. बेळगावच्या टिळकवाडीतील एका छोट्या कार्यालयाचे नेटवर्क मी सांभाळतो. १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सेवेचा (संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे आयपी पत्ते सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता कुठला आहे हे पाहिले, तर एक संकेतस्थळ ऑस्ट्रेलिया दाखवते. पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारा छोटा संदेश) मात्र ९ मिलिसेकंदांत परत येतो. निपाणीला मेहुण्यांच्या दुकानातूनही तितक्याच वेळात उत्तर मिळते. मग हा सर्व्हर आहे तरी कुठे?

निपाणीचा नेटवाला:
ऑस्ट्रेलिया ही फक्त नोंदणीची खूण आहे, कारण पत्त्यांचा तो गट आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटणाऱ्या, ब्रिस्बेनच्या एपनिक या संस्थेच्या नावावर आहे. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन एका मिलिसेकंदात १०० किलोमीटरच हिशेबात धरता येतात. ब्रिस्बेन आपल्यापासून साडेनऊ हजार किलोमीटरहून दूर आहे, तेव्हा तिथले उत्तर ९५ मिलिसेकंदांच्या आत येणे शक्यच नाही. तुमचा सर्व्हर ९०० किलोमीटरच्या आतच असणार. एकच पत्ता अनेक शहरांतून बीजीपीद्वारे (नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या नियमसंचाद्वारे) जाहीर करण्याच्या या पद्धतीला एनीकास्ट म्हणतात. मोजताना वाय-फाय टाळून वीस-पंचवीस पिंग घ्या आणि सरासरी नव्हे, सर्वांत कमी आकडा धरा.

खानापूरकर:
पण ९०० किलोमीटरमध्ये मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई सगळीच येतात की!

चंदगडहून:
म्हणूनच सर्व्हरलाच विचारावे. डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेने केऑस वर्गातील (सर्व्हरच्या स्वतःच्या माहितीसाठी वापरल्या जाणाऱ्या) ‘आयडी डॉट सर्व्हर’ ही टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद १.१.१.१ कडे मागितली, की विमानतळाचे तीन अक्षरी संकेतनाम मिळते: बीओएम म्हणजे मुंबई, बीएलआर म्हणजे बेंगळुरू. डीएनएसच्या रूट, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या, सर्व्हरांपैकी बरेचसे ‘होस्टनेम डॉट बाइंड’ या तशाच नोंदीला उत्तर देतात, त्यांची नावे १३च असली तरी यंत्रे जगभर हजाराहून अधिक ठिकाणी आहेत. जे सर्व्हर काहीच सांगत नाहीत, त्यांच्यासाठी राइप ॲटलस या मोजमापाच्या जाळ्याच्या निरनिराळ्या गावांतील प्रोबवरून (मोजणी यंत्रांवरून) पिंग मोजावा. पिंगच्या दर मिलिसेकंदाला १०० किलोमीटर त्रिज्या धरून दोन ठिकाणांभोवती काढलेली वर्तुळे एकमेकांना स्पर्शही करत नसतील, तर त्या पत्त्यामागे किमान दोन यंत्रे आहेत हे सिद्ध होते. मात्र जवळचाच सर्व्हर उत्तर देईल असे गृहीत धरू नका, कारण मार्ग किलोमीटरवर नव्हे, तर आपल्या सेवादात्याच्या जोडण्यांवर ठरतो.

खानापूरकर:
करून पाहिले. कार्यालयात बीओएम आले, निपाणीहून बीएलआर. निपाणी आमच्यापेक्षा मुंबईला जवळ असूनही तिथल्या ट्रेसराउटमध्ये (संदेशाचा मार्ग टप्प्याटप्प्याने दाखवणाऱ्या आज्ञेत) चौथ्याच हॉपच्या, म्हणजे टप्प्याच्या, नावात बेंगळुरूचे संकेतनाम दिसते.