बीटा गेम अडखळतोय, सेटिंग उतरवूनही एफपीएस जैसे थे – जाणकारांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

एका मल्टिप्लेअर शूटर गेमचा ओपन बीटा (रिलीजआधी सगळ्यांना खेळता येणारी चाचणी आवृत्ती) चालू आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'हा गेम बरा की तो' यावर घसरतो. सोमवारी बीटा बंद होईल, त्याआधी पूर्ण गेम घ्यायचा की नाही हे ठरवायचंय.

लॅपटॉप २०२० चा आहे: आय५-१०३००एच प्रोसेसर (सीपीयू), जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (जीपीयू, ४ जीबी), ८ जीबी रॅमची एकच स्टिक, एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११. गेमला किमान ८ जीबी रॅम लागते आणि १६ असावी असं लिहिलंय.

सराव मैदानात एकटा फिरलो तर ८०-९० एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात) मिळतात. ६४ जणांची मॅच सुरू झाली की सरासरी ५५ दिसते, पण मधेच चित्र गोठतं. समोरचा भिंतीआडून डोकावतो, मी स्कोप लावतो आणि पुढची फ्रेम येईपर्यंत माझा मुडदा पडलेला असतो. ६० एफपीएसला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांत यायला हवी. आफ्टरबर्नरच्या (कामगिरी मोजणारं सॉफ्टवेअर) आलेखात ३०० मिलिसेकंदांचे सुळके दिसतात.

सगळं लो केलं, रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. चित्र पावसात भिजलेल्या पेपरसारखं झालं, एफपीएस मात्र ढिम्म हलला नाही. जीपीयू ५०-६० टक्क्यांवर निवांत बसलेला असतो. ड्रायव्हर ताजा आहे, शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) पूर्ण कम्पाइल होऊ दिले, ओव्हरले (गेमवर दिसणाऱ्या इतर अ‍ॅपच्या खिडक्या) आणि ब्राउझर बंद. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास, पॅकेट लॉस शून्य, तेव्हा 'नेट तपासा' कृपया नको.

संशय दोन. रॅम ७.६ जीबीपर्यंत भरते. आणि सीपीयू ९६ अंशांवर जाऊन क्लॉक (त्याचा वेग) ४ वरून २.७ गिगाहर्ट्झवर येतो. अकोल्यातला मे महिना आहे, खोलीच तापलेली. भाऊ म्हणतो लॅपटॉप कूलरसमोर ठेव, पण ती ओली हवा मशीनमध्ये कोण घालणार!

रॅम घ्यावी, थर्मल पेस्ट (सीपीयूची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलावी, की बीटाच कच्चा आहे?

प्रतिसाद १
७२० ला येऊनही एफपीएस वाढत नाही म्हणजे अडचण सीपीयू-रॅमच्या बाजूला, हे तुम्ही बरोबर ओळखलंय. पण दोन दुखणी एकत्र करू नका. तापल्यामुळे क्लॉक पडला तर एफपीएस खाली येऊन तिथेच राहतो. ३०० मिलिसेकंदांचे सुळके बहुतेक रॅम संपून एसएसडीवरून पानं (मेमरीचे तुकडे) ओढण्याचे. मॅच चालू असताना रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स (असं किती वेळा ओढावं लागलं त्याचा आकडा) बघा. सुळक्याच्या वेळी तेही उसळले तर चोर सापडला.
दुसरी ८ जीबीची डीडीआर४ लॅपटॉप स्टिक टाकलीत तर ड्युअल चॅनलही (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) मिळेल, ६४ जणांच्या मॅचमध्ये त्याचा फायदा सीपीयूला होतो. ३२०० वेगाची मिळाली तरी चालेल, तुमच्या प्रोसेसरवर २९३३ नेच धावेल.
तापमानासाठी आधी फुकटचा उपाय: पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. टर्बो (सीपीयूने गरजेला वाढवलेला वेग) बंद होतो.

प्रतिसाद २
बीटा कच्चा असतोच, पण रिलीजला रॅमची भूक फारशी कमी होत नाही. त्या आशेवर प्री-ऑर्डर करू नका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. हार्ड फॉल्ट्स सुळक्यांबरोबरच उसळत होते. मित्राच्या लॅपटॉपमधली स्टिक उसनी आणून लावली आणि गोठणं जवळपास थांबलं. सरासरी ६८ वर गेली, त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आता गोळी झाडली की ती झाडली जाते.
गरमीचं मात्र तसंच आहे. रात्री ठीक, दुपारी अर्ध्या तासात एफपीएस ४० वर येऊन बसतो. ९९ टक्क्यांवर तापमान ७८ ला थांबतं, पण टर्बो नसल्याने मॅचमध्ये एफपीएस ४५ च्या वर जात नाही. म्हणजे पेस्ट बदलणं आलंच. वॉरंटी कधीच संपलीय. अकोल्यात लॅपटॉप नीट उघडून पेस्ट लावणारा खात्रीचा माणूस कुणाला माहीत आहे का? आणि वापरलेली ८ जीबीची स्टिक कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मित्र त्याची परत मागतोय.