मदत हवी आहे: खुराड्यात लाल माइट, त्यात जागा अपुरी

मंडळी, परसात 14 गावरान कोंबड्या आहेत. दिवसा अंगावर काही दिसत नाही, पण रात्री बॅटरी मारली की बसायच्या दांडीच्या खाचेत बारीक माइट (कोंबड्यांचं रक्त पिणारे किडे) वळवळतात. बोटाने चिरडले तर रक्ताचा डाग पडतो. तुरे फिके पडलेत, खुडूक कोंबडी अंडी सोडून उठते.

खुराडं 4 बाय 5 फूट, म्हणजे एकीला दीड चौरस फूटही नाही. राखेत लोळायला दिलंय, फटींना चुना लावलाय. कडुनिंबाचं तेल मारलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

आधी खुराडं वाढवू की लाकडी दांड्या काढून लोखंडी पाइप टाकू? फवारणी सुचवलीत तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही सांगा, घरात लहान पोर आहे. (गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने मारा, एवढं मात्र सांगू नका!)