सेथला बाकावर बसवायचं की पुढे काढायचं? 'द सेक्रेड स्टोन्स'ची पहिली पाच प्रकरणं

तलावपाळीचा_कट्टा

कोणी नवीन पोरगं 'फायर एम्ब्लेम: द सेक्रेड स्टोन्स' हा आळीपाळीने सैनिक हलवायचा व्हिडिओ गेम सुरू करतं आणि तलावपाळीच्या कठड्यावर बसलेले चार अनुभवी लोक एका सुरात सांगतात, "सेथला हात लावू नकोस, तो सगळा एक्सपी खातो." सेथ म्हणजे सुरुवातीलाच मिळणारा दणकट पॅलाडिन (बढती झालेला घोडेस्वार), आणि एक्सपी म्हणजे लढून मिळणारे अनुभवाचे गुण, ज्यांनी लेव्हल वाढते. या सल्ल्यावर माझा आक्षेप आहे, म्हणून हा धागा.

सल्ला कुठून आला ते बघा. 1990 साली फॅमिकॉम या गेमयंत्रावर मालिकेचा पहिला गेम आला. त्यात जेगन नावाचा म्हातारा पॅलाडिन होता. सुरुवातीला दणकट, पण लेव्हल वाढली तरी आकडे जेमतेमच वाढायचे. तेव्हापासून सुरुवातीला मिळणाऱ्या प्रत्येक पॅलाडिनवर तोच शिक्का बसतो. 2003 च्या 'ब्लेझिंग ब्लेड'मधल्या मार्कसला तो निदान थोडा तरी शोभतो: लेव्हलमागे ताकद वाढण्याची शक्यता 30 टक्के, वेग 25. सेथचे आकडे काय आहेत? ताकद 50, वेग 45, बचाव 40. फ्रांझ हा तरुण घोडेस्वार, ज्याला "भविष्य" म्हणून गोंजारलं जातं, त्याचे 40, 50, 25. म्हणजे वाढीत सेथ कमी नाही, उलट बचावात पुढेच आहे. आणि तो सुरूच होतो ताकद 14, वेग 12, बचाव 11 वर.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. प्रोलॉगपासून (पहिल्या प्रकरणाआधीच्या भागापासून) सेथला पुढे काढा. गावं वाचतात, माणसं मरत नाहीत, आणि खर्ची पडलेला एक्सपी वाया जात नाही.

ऐरोली_नाका

असहमत. वाढीचे आकडे बरोबर आहेत, पण एक्सपीचा हिशोब तुम्ही सोयीस्कर गाळलात.

न मारता नुसता घाव बसला तर सूत्र असं: 31 अधिक शत्रूची लेव्हल, वजा आपली लेव्हल, भागिले 3. बढती झालेल्या क्लासला वर 20 लेव्हल धरल्या जातात. म्हणजे सेथ कागदावर लेव्हल 1, हिशोबात 21. लेव्हल 1 च्या फायटरला (परशूवाल्या शत्रूला) घाव घातला तर त्याला 3 एक्सपी, फ्रांझला 10. त्याच फायटरला ठार केलं तर फ्रांझला 30, म्हणजे तीन-चार किलमध्ये एक लेव्हल. सेथने मारलं तरी त्याला फ्रांझच्या जवळपासही मिळत नाहीत.

पहिल्या चार प्रकरणांत शत्रू मोजकेच असतात. वाल्नीचा मनोरा, जिथे हवं तितकं लढता येतं, आठव्या प्रकरणानंतर उघडतो, तोवर मोकळं मैदान नाही. सेथने एक मारला की तुमच्या पलटणीने पाऊण डझन घास गमावले असं समजा.

पारसिक_डोंगर

पाऊण डझन हे जरा जास्तच झालं हो. 😀 पण मुद्दा बरोबर आहे.

मला खटकतं ते वेगळंच. नवा माणूस सेथ पुढे ढकलतो आणि 'एंड' दाबून आपली पाळी संपवतो, बस्स. शस्त्रांचा त्रिकोण शिकत नाही (तलवार परशूला भारी, परशू भाल्याला, भाला तलवारीला, फरक 15 हिट आणि 1 नुकसान). पल्ला मोजायला शिकत नाही. मग पाचव्या प्रकरणानंतर एफ्राइमचं, म्हणजे नायिका एरिकाच्या भावाचं, मधलं प्रकरण येतं. तिथे सेथ नसतो. एफ्राइम, फोर्ड, काइल आणि ऑर्सन, चारच माणसं आणि किल्लाभर शत्रू. तिथे ही मंडळी आपटतात.

तलावपाळीचा_कट्टा

ऑर्सनही पॅलाडिनच आहे, विसरलात वाटतं. 😀 आणि त्या प्रकरणात फ्रांझही नसतो, मग फ्रांझला वाढवून तिथे काय फायदा?

पारसिक_डोंगर

फ्रांझ वाढवल्याचा फायदा नाही, खेळणाऱ्याचं डोकं वाढल्याचा आहे.

सानपाडा_दहा_नंबर

दोघेही टोकाला गेलात. प्रश्न "वापरायचा की नाही" हा नाहीच, हातात काय देऊन वापरायचा हा आहे.

त्याच्याकडच्या सिल्व्हर लान्सची (चांदीच्या भाल्याची) मारकशक्ती 14, त्यात ताकद 14, एकूण 28. प्रोलॉगचा साधा फायटर एका घावात संपतो. लान्सचे वापर 20 (मग तो मोडतो) आणि चालवायला लागणारा दर्जा अ, त्यामुळे फ्रांझ किंवा चिलखती गिलियमला देऊनही उपयोग नाही. तिथे ते 20 वापर उधळणं मूर्खपणा आहे. बरं, लोखंडी तलवार दिली तर? 5 अधिक 14, म्हणजे 19. पहिल्या घावात शत्रूचे तीन-चार एचपी (जीवाचे गुण) उरतील असं वाटतं, पण सेथचा वेग 12, फायटरचा चार-पाच. फरक 4 किंवा जास्त असला की दोनदा वार होतो. म्हणजे तरीही मेलाच. "सेथने अर्धमेला करायचा, बाकीच्यांनी संपवायचा" हे ऐकायला छान, पण सुरुवातीच्या प्रकरणांत बहुधा जमत नाही, कारण त्याच्या हाताला अर्धमेला करणं ठाऊकच नाही.

जमतं ते असं. 'ट्रेड'मधून (शेजारच्याशी वस्तूंची अदलाबदल) त्याची सगळी हत्यारं काढून घ्या. निःशस्त्र उभा करा. फायटरची ताकद पाच-सहा, लोखंडी परशू 8, बेरीज 13-14, वजा सेथचा बचाव 11. दर घावाला दोन-तीन एचपी जातात. 30 एचपीचा माणूस, आरामात एक टर्न चार जणांना अंगावर घेतो आणि उलट वार करत नाही. पुढच्या टर्नला एरिका, फ्रांझ, गिलियम जाऊन ताजे शत्रू उचलतात.

ऐरोली_नाका

+1. हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

घोडबंदरचा_सिग्नल

थांबा, भिंत करण्यात एक गोची आहे. शत्रू डोळे झाकून जवळच्यावर जात नाही. पल्ल्यात एरिका असेल तर तिच्यावर जास्त नुकसान होतं म्हणून तो बहुधा सेथला सोडून तिच्याकडेच वळतो. एरिकाचे एचपी 16, बचाव 3. त्याच परशूचे दहा-अकरा एचपी जातात. दुसरा घाव बसला की 'गेम ओव्हर', कारण ती नायिका आहे.

म्हणून आधी शत्रूवर कर्सर नेऊन 'ए' दाबा, त्याची पोच पडद्यावर रंगते. फायटरची चाल 5, वर हत्याराचं 1, म्हणजे सपाटीवर 6 घरं. भिंत त्या कडेवर, बाकी सगळे त्याबाहेर. एकही कच्चं प्यादं आत राहिलं तर भिंतीचा उपयोग शून्य. 'आर' दाबून हत्यारही बघा: जेवलीन किंवा हँड-ॲक्स (फेकायची हत्यारं) असेल तर पोच एक घराने वाढते. हे न बघता लोक म्हणतात "भिंत चालत नाही".

तलावपाळीचा_कट्टा

निःशस्त्र भिंतीचा हिशोब मान्य. पण दुसरं प्रकरण घ्या. दरोडेखोर गावांकडे धावतात, गाव जाळलं की आतली वस्तू गेली. एका गावात रेड जेम आहे, विकून 2500 मिळतात. मोजून 460 ला लोखंडी तलवार मिळते, यावरून किंमत कळेल. उडत्या घोड्यावरच्या व्हनेसाची चाल 7, उडते म्हणून डोंगर-झाडी अडवत नाही, पण ती भालेकरी आणि समोर परशू. सेथची चाल 8. तिथे त्याला नि:शस्त्र उभा करून दरोडेखोर गावात शिरताना बघायचं? मग तो पॅलाडिन कशाला?

सानपाडा_दहा_नंबर

नाही, तिथे तलवार द्या आणि सरळ मारू द्या. व्हनेसा गावात, सेथ दरोडेखोरावर. गाव हरवणं हे दहा किलपेक्षा महाग आहे. मी "नेहमी निःशस्त्र" कधी म्हटलं?

कोपरखैरणेची_माई

मंडळी, तुम्ही सगळे फ्रांझ-फ्रांझ करताय. दुसऱ्या प्रकरणातच रॉस हा कच्चा पोरगा मिळतो, त्याचा विचार कोणी करणार का? एरिकाने रॉसशी बोलायचं, मग रॉसने बापाशी, म्हणजे गार्सियाशी. दोघेही आपल्याकडे येतात.

रॉस लेव्हल 1, एचपी 15, ताकद 5, वेग 3, बचाव 3. दरोडेखोराचे दोन परशू खाल्ले की संपला. पण त्याच्या क्लासला ते "भागिले 3" लागूच नाही, भागिले 1 आहे. म्हणजे नुसता घाव बसला तरी तीसेक एक्सपी. मारायचीही गरज नाही! ऐरोलीकरांचा "एक्सपी खातो" हा मुद्दा रॉसच्या बाबतीत असा वाचा: शत्रू जिवंत राहणं महत्त्वाचं, शेवटचा घाव कोणाचा हे दुय्यम.

त्याच्याकडे हॅचेट असतो, 1 ते 2 घरांवरून चालतो, वापर 50, वजन 5. त्याला लोखंडी परशू देऊ नका. परशूचं वजन 10, रॉसची देहयष्टी (वजन पेलण्याचा आकडा) 8, फरकाचे 2 वेगातून कापले जातात. 3 चा 1 झाला की समोरचा दोनदा मारतो. हॅचेटने कापलं जात नाही. बॉस जागेवरून हलत नसेल आणि हातात फक्त जवळचं हत्यार असेल, तर दोन घरांवरून रॉसने मारत राहावं. उलट वार येत नाही. शंका असेल तर जखमा भरणारा मोल्डर एका घरामागे काठी घेऊन ठेवा.

लेव्हल 10 झाली की पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला आपोआप बढती मिळते, फायटर किंवा पायरेट. पायरेट पाण्यावरून चालतो, शक्यतो तोच घ्या.

ऐरोली_नाका

माई, हे खरंच छान सांगितलंत. म्हणजे रॉसला वाढवायचं असेल तर सेथ निःशस्त्रच हवा, नाहीतर शत्रू उरणारच नाहीत.

कोपरखैरणेची_माई

हो, पण रॉसच्या आठ घरांत. नकाशाच्या दुसऱ्या टोकाला त्याने काय करायचं ते करू दे.

तलावपाळीचा_कट्टा

रॉस म्हणजे गुंतवणूक, नवशिक्याने करू नये. तिसऱ्या प्रकरणात तो मेला की तो निराश होतो आणि गेम बंद करतो. त्याच्याऐवजी तयार गार्सिया आहे, लेव्हल 4, एचपी 28.

घोडबंदरचा_सिग्नल

यावर मात्र कट्टेकरींच्या बाजूने. आणि प्रवासात खेळणाऱ्यांसाठी एक: प्रत्येक चालीनंतर गेम स्वतःच जागा नोंदवतो. ठाण्याहून वाशीची गाडी धरली तर प्रोलॉग ऐरोलीपर्यंत आटोपतो, पुढचं तिसरं प्रकरण अर्धवट ठेवून उतरलात तरी चालतं. पण "बंद करून चालू केलं की वेगळा निकाल लागेल" ही आशा ठेवू नका. नशिबाचा आकडाही नोंदलेला असतो. त्याच चाली केल्या तर तोच घाव बसतो.

टक्केवारीचंही तसंच. पडद्यावर 70 दिसतं ते खरं 82 आहे, 30 दिसतं ते 18, कारण दोन आकड्यांची सरासरी काढतात. म्हणून जंगलाचं घर (चुकवणं 20 ने वाढतं) इतकं कामाचं. एरिकावर 40 दिसत असेल तर खरं 32. झाडीत उभी केली की पडद्यावर 20, खरं 8. 😀 सेथला भिंत करण्याआधी झाडी शोधा, हा माझा सल्ला.

पारसिक_डोंगर

हे सगळं शिकतो कोण? जो सेथला पुढे ढकलतो तो नाही. मी तिथेच आहे.

सानपाडा_दहा_नंबर

पहिल्या प्रकरणात एक गोष्ट मात्र सेथविनाच करावी, यावर वाद नसावा. बॉस ब्रेगेट चिलखती शिपाई आहे. एरिकाचं रेपियर (तिची खास तलवार) चिलखताला आणि घोडेस्वाराला मारक, या गेममध्ये हत्याराची ताकद तिप्पट धरली जाते. 7 चे 21 होतात. सेथने सिल्व्हर लान्स काढून त्याला मारणं म्हणजे दोन्हीकडून तोटा. रेपियर 40 वापरांचं आहे, म्हणून प्रोलॉगच्या फायटरवर घासू नका, तिला एक लोखंडी तलवार द्या. पोलादी नको, तिचं वजन 10 आणि एरिकाची देहयष्टी 5: वेग 9 चा 4 होतो, आणि मग तीच दोनदा मार खाते.

ब्रेगेटच्या भाल्यापुढे तलवार कमजोर पडते, त्यामुळे तिला पूर्ण एचपीवरच पाठवा. एक घाव सोसते, दुसऱ्याची खात्री नको. मार बसलाच तर सेथने उचलून घ्यायचं. स्वार उचलून घेतल्यावरही उरलेली चाल चालू शकतो, नुसता हल्ला केल्यानंतर नाही. मात्र अंगावर माणूस असताना त्याचा वेग आणि कौशल्य अर्धं होतं, 12 चे 6. त्या टर्नला शत्रूच्या पोचीत राहू नका.

तलावपाळीचा_कट्टा

ब्रेगेट एरिकाला द्यायचा, मान्य. चौथ्या प्रकरणात मात्र मी सेथला सोडणार नाही. राक्षसांची पहिली गाठ, नवा माणूस बावचळतो. आर्टर आणि ल्यूट मिळतात, पण दोघांचं अंग नाजूक. पुढे सेथ, मागे जादूगार, हीच मांडणी.

कोपरखैरणेची_माई

ल्यूट गावात आहे हेही सांगा, नाहीतर लोक गाव न पाहताच प्रकरण संपवतात.

ऐरोली_नाका

पाचव्या प्रकरणासाठी कट्टेकरींना शेवटची चिमटी. जॉशुआ शत्रूच्या बाजूला असतो, आपल्या बाजूच्या नताशाने बोललं की आपल्याकडे येतो. हातात किलिंग एज, क्रिटिकल वारासाठीच बनलेली तलवार. त्याच्या पोचीत नताशाला आधीच उभं करू नका. आणि सेथलाही हत्यारासकट नको: जॉशुआने त्याच्यावर वार केला तर उलट वारात तुमचा भावी तलवारबाज जागच्या जागी मरतो. सगळा एक्सपी सेथने खाल्लेला परवडला, माणूसच खाल्ला तर काय करणार?

तलावपाळीचा_कट्टा

तिथे हत्यारं काढतो. नताशाच्या हाती देतो सगळी.

सानपाडा_दहा_नंबर

नताशा शेजारच्या घरात असेल तरच ट्रेड होईल, आणि तेव्हा ती पोचीत येते. आधीच्या टर्नलाच मोल्डरकडे द्या.