मदत हवी आहे: नेपाळमध्ये फील्डवर्कची परवानगी नक्की देतं तरी कोण?

सह्यकन्या
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. पुढच्या महिन्यात नेपाळला फील्डवर्कला जायचंय. तिकिटं काढून झालीत, परवानाही काढलाय. आणि आता तिथल्या एका कार्यालयाची ईमेल आली की तुमचा विषय आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे अर्ज करा. दुसरीकडे विचारलं तर ते तिसऱ्याचं नाव सांगतात. तिसरे उत्तरच देत नाहीत. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही ना? मग ही काय भानगड? विषय हिमबिबट्या आहे. कुणी तिथं काम केलं असेल तर कुणाला फोन करायचा तेवढं सांगा. 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय.

शंकासुर
नेपाळ म्हणजे नेपाळात कुठे? पदवीसाठी की संस्थेसाठी? कॅमेरे लावणार की विष्ठा गोळा करणार की लोकांशी बोलणार? आणि तिन्ही कार्यालयांची नावं का लपवलीत?

भटक्या७२
ताई, परवान्याचं होऊन जातं हो. माझा अनुभव सांगतो. आम्ही अन्नपूर्णा सर्किट केलं तेव्हा सगळ्यात मोठी चूक म्हणजे जीपनं एकदम वर गेलो. मनांग गाव ३५४० मीटरवर आहे, तिथं दोन रात्री काढल्याशिवाय पुढं जायचं नाही म्हणजे नाही. डोकं दुखायला लागलं की चढणं बंद, वाढलं की खाली उतरायचं, भले रात्र असो. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून घ्या. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्यकेंद्र आहे, सीझनमध्ये दुपारी तिथं विरळ हवेच्या त्रासावर माहिती सांगतात, ती ऐकाच. आणि 'थोरोंग ला' ही खिंड (५४१६ मी.) हवामान बघितल्याशिवाय नको. ऑक्टोबर २०१४ च्या हिमवादळात त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. ऑक्टोबर म्हणजे स्वच्छ हवा, असं समजूनच निघाली होती सगळी.

सह्यकन्या
@भटक्या७२ दादा, धन्यवाद, पण मी ट्रेकला जात नाहीये.
@शंकासुर पीएचडी. मनांगच (भटक्यादादांनी न सांगता ओळखलं!). कॅमेरे नाहीत. कुत्र्यांचं रक्त आणि लोकांना प्रश्नावली.

शंकासुर
कुत्र्यांचं? हिमबिबट्या म्हणालात ना?

सह्यकन्या
हो, कुत्र्यांमधून हिमबिबट्याला होऊ शकणारे आजार. डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) मुख्य. रेबीजही आहेच. मला वाटलं हे उघड आहे.

गुरांचा_डॉक्टर
काहीही उघड नव्हतं बाई. पण विषय चांगला आहे. ज्यांना 'हिमबिबट्या कुठं आणि गावठी कुत्रं कुठं' वाटत असेल त्यांनी २०१८ चं गीर आठवावं. वीसहून जास्त सिंह गेले, आणि त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. वरच्या खर्कांत (उन्हाळी कुरणांत) मेलेल्या गुरावर रात्री हिमबिबट्या आणि दिवसा कुत्री, दोघंही येणार. एका ताटात जेवल्यावर आजार पोचायला वेळ लागत नाही.

काठमांडूकर
ललितपूरला राहते, बारा वर्षं झाली. 'परवाना काढलाय' म्हणालात तो कोणता? ऑनलाइन काढलेला, सार्क देशांतल्या लोकांना हजार रुपये नेपाळी, तो का?

सह्यकन्या
हो तोच. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा.

काठमांडूकर
वाटलंच. अहो, तो प्रवेश परवाना, पर्यटकांचा. सिंहगडावर गाडी नेण्याची पावती घेऊन तिथं उत्खनन करायला गेल्यासारखं झालं हे.

आता नीट ऐका. व्हिसा लागत नाही तो १९५० च्या करारामुळे. त्याचा संशोधनाशी काडीचा संबंध नाही. अन्नपूर्णा हे चितवनसारखं सरकारनं थेट चालवलेलं राष्ट्रीय उद्यान नव्हे. त्याची व्यवस्था राष्ट्रिय प्रकृति संरक्षण कोष बघतो. म्हणून वन्यजीवांचं काही असेल तर कोष, आणि वर बबरमहलमधला राष्ट्रिय निकुञ्ज तथा वन्यजन्तु संरक्षण विभाग. पाळीव जनावराला सुई लावणार म्हणजे पशु सेवा विभाग, तो हरिहरभवनला. आणि माणसांना आरोग्याचं काही विचारणार असाल तर नेपाळ स्वास्थ्य अनुसन्धान परिषद, रामशाहपथ. तुम्हाला कुणी टोलवत नाहीये. तुमचा एक विषय त्यांच्या लेखी तीन विषय आहेत.

सह्यकन्या
पण माणसांवर मी काहीच करत नाहीये! नुसते प्रश्न विचारणार. माझे मार्गदर्शकही म्हणाले की नेपाळला वेगळं काही लागत नाही, घरच्यासारखं आहे.

काठमांडूकर
प्रश्न काय आहेत?

सह्यकन्या
किती गुरं गेली, कुत्री किती, मोकळी की बांधलेली, घरात कुणाला कुत्रा चावला का, चावल्यावर लस घेतली का, नसेल तर का नाही.

काठमांडूकर
शेवटचे तीन म्हणजे आरोग्य संशोधन. परिषदेची नैतिक मान्यता लागणार. बाहेरच्या संशोधकाला नेपाळी सहसंशोधकही लागतो. तो आहे का?

(यावर दोन दिवस उत्तर नाही.)

आबासाहेब
हिमबिबट्याचा विषय निघालाय म्हणून. १९८२ साली पश्चिम नेपाळातल्या लांगू खोऱ्यात रॉडनी जॅक्सन यांनी पहिल्यांदा हिमबिबट्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला. तेव्हा तिथं पोचायलाच आठवडे चालावं लागे. आता २०२५ मध्ये नेपाळनं देशभरातला आकडा जाहीर केला, ३९७. आम्ही नोकरीत असताना ही जनावरं फक्त फोटोत. तुम्हा मुलांचं भाग्य आहे.

रानवाट
मुळात कुत्री पकडून रक्त काढण्यापेक्षा लोकांना भरपाई द्या, प्रश्न मिटेल. आमच्या जुन्नरला बघा, बिबट्यानं शेळी नेली की पंचनामा, पैसे. नाहीतर लोक विष घालणारच.

गुरांचा_डॉक्टर
@रानवाट जुन्नरचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत शेळीचा सांगाडा उरतो. मनांगच्या वर तर पंचनाम्याला दोन दिवस चढून यावं लागेल. त्यापेक्षा रात्रीचा गोठा जाळीनं वरून बंद करा. हिमबिबट्या एकदा उघड्या गोठ्यात शिरला की घाबरलेल्या मेंढ्या पळतात आणि तो एकामागून एक मारत सुटतो, एका रात्रीत घरदार बसतं. राग येतो तो त्या रात्रीचा. एकट्या नाउरच्या (निळ्या मेंढीच्या) शिकारीवर कोण चिडतंय?

रानवाट
जाळीला पैसे कोण देणार, तुम्ही? आणि दिवसा कुरणात मारलं तर जाळी काय कामाची?

काठमांडूकर
दोघंही थोडे थोडे बरोबर. पूर्वेला कांचनजंघा भागात घुन्साच्या लोकांनी स्वतःच गुरांचा विमा चालवलाय. याकमागं हप्ता, आणि मेलेलं जनावर गावचीच माणसं जाऊन बघतात. काठमांडूहून कुणी येण्याची वाट बघावी लागत नाही. पण हा वेगळा धागा आहे हो.

निळावंती
मी समाजशास्त्राची, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा. प्रश्नावली कोणत्या भाषेत आहे?

सह्यकन्या
(परत आले, ताप होता.) नेपाळीत. इथल्या एका मैत्रिणीनं भाषांतर करून दिलंय, ती दार्जिलिंगची आहे.

निळावंती
मनांगमधल्या म्हाताऱ्यांची घरची भाषा नेपाळी नाही. आणि म्हाताऱ्यांनाच तर गुरांचं माहीत. गावातला दुभाष्या लागेल, त्याला आधी सगळे प्रश्न पाठ करवावे लागतील. सहज म्हणून, दुधाबद्दल काय विचारलंय?

सह्यकन्या
'तुमचे याक दिवसाला किती दूध देतात?'

काठमांडूकर
😂 याक म्हणजे नर हो. मादी ती नाक. संकरित चौंरी. हा प्रश्न विचारलात तर पुढच्या प्रश्नाला कुणी गंभीरपणे उत्तर देणार नाही, पण चहा नक्की मिळेल.

शंकासुर
बजेट किती आहे ते अजून सांगितलं नाही.

सह्यकन्या
साठ हजार.

शंकासुर
भारु की नेरु?

सह्यकन्या
म्हणजे?

शंकासुर
भारतीय रुपये की नेपाळी. एका भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे नेपाळी. साठ हजार भारु म्हणजे शहाण्णव हजार नेरु. तिथं जीपवाल्यानं दहा हजार म्हटलं तर आधी 'कुन रुपैयाँ' विचारा.

भटक्या७२
आणि शंभराच्या नोटा न्या! पाचशेच्या चालत नाहीत.

शंकासुर
त्या नियमात बदल झालेत, निघताना ताजं बघा. दरवेळी तेच जुनं सांगत जाऊ नका. आणि आधार कार्डावर विमानात बसवत नाहीत, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र.

गुरांचा_डॉक्टर
मूळ प्रश्नाकडं येऊ या. रक्त कुठं तपासणार?

सह्यकन्या
पुण्यात. आमच्याच प्रयोगशाळेत. बर्फाच्या डब्यातून आणणार.

गुरांचा_डॉक्टर
इथंच तुमचं गाडं अडकणार बघा. जनावराचं रक्त सीमेपार आणायला तिकडची निर्यात परवानगी आणि इकडची आयात परवानगी, दोन्ही लागतात. त्यात हिमबिबट्याची विष्ठा उचललीत तर संरक्षित प्राणी, त्याची परवानगी पुन्हा निराळी विचारावी लागेल. एवढं करण्यापेक्षा काठमांडूतच तपासा. त्रिपुरेश्वरला केंद्रीय पशु चिकित्सा प्रयोगशाळा आहे. जनुकीय काही असेल तर सेंटर फॉर मॉलिक्युलर डायनॅमिक्स, त्यांनी वाघांच्या आणि हिमबिबट्यांच्या विष्ठेवर काम केलेलं आहे.

दुसरं, बर्फाचा डबा हा पुण्याचा विचार झाला. मनांगला तुमची अडचण उलटी. अख्खं रक्त रात्री बाहेर राहिलं तर गोठेल, तांबड्या पेशी फुटतील, सीरम लालभडक होईल आणि चाचणी वाया. त्याच दिवशी सीरम (रक्त साकळल्यावर वर उरणारं पाणी) वेगळं करा, हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज मिळतं. सीरम गोठलं तरी चालतं. तोवर नळ्या स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. हसू नका, मी लाहौलमध्ये असंच केलंय.

आणि स्वतः रेबीजची चावण्याआधीची लस घेतलीय ना?

सह्यकन्या
…नाही.

गुरांचा_डॉक्टर
मग परवाना राहू दे बाजूला, आधी ती घ्या. अनोळखी कुत्री पकडणार, सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय दिवसभराच्या जीपवर. रस्ता दरडीनं बंद झाला तर दिवसही मोजू नका.

रानवाट
पुण्यात बसून नेपाळच्या कुत्र्यांवर पीएचडी करण्यापेक्षा आपल्या अकोले, जुन्नरच्या बिबट्यांवर करा की. ते पण कुत्री खातातच.

निळावंती
अकोल्याच्या उसातल्या बिबट्यांवर वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांचं काम आहेच, कुत्रा हा तिथल्या बिबट्याच्या आहाराचा मोठा भाग निघाला. पण रानवाट यांचा मुद्दा तुम्हाला उलट उपयोगी पडेल सह्यकन्या. तुमच्या प्रस्तावात 'हिमबिबट्या कुत्री खातो का' हा प्रश्नच दिसत नाही, आणि आजार पोचायची सर्वात सरळ वाट तीच.

सह्यकन्या
हे खरंच सुटलं होतं. लिहून घेतलं.
पण मला अजून कळत नाहीये की पुढच्या महिन्यात जाऊ की नको! तिकिटं घटस्थापनेनंतरच्या दिवसाची आहेत. आधी काठमांडूत आठवडाभर कार्यालयं, मग दिवाळीनंतर मनांग, डिसेंबरपर्यंत.

काठमांडूकर
अगं बाई (आता अगं म्हणते). हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंस?

घटस्थापना म्हणजे इथं दसैं (इथला दसरा) सुरू. फूलपातीपासून (सातव्या दिवसापासून) सगळ्या कचेऱ्या बंद, आणि त्याआधीचे चार-पाच दिवस माणसं खुर्चीत असली तरी मन गावी. थोरांकडून टीका (टिळा) लावून घ्यायला अख्खं काठमांडू रिकामं होतं. ते आटपतं तोवर तिहार (दिवाळी), मग छठ. शनिवारची सुट्टी असतेच. या दिवसांत तीन विभागांतून एक शिक्कासुद्धा मिळायचा नाही. तिसरं कार्यालय उत्तर देत नाही त्याचं कारण कदाचित एवढंच असेल.

आणि मनांगला डिसेंबरात कोण भेटणार तुला? थंडी पडली की पुष्कळ कुटुंबं खाली उतरतात, काठमांडूत त्यांची घरं आहेत. मनांगे पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी, थेट आग्नेय आशियापर्यंत जाऊन आलेले लोक. घरात राहतो तो म्हातारा राखणदार आणि, हो, कुत्री. रक्त मिळेल, उत्तरं नाहीत.

सह्यकन्या
मग मेमध्ये?

काठमांडूकर
मे-जूनमध्ये सगळे यार्सागुम्बा (महागडी औषधी बुरशी) शोधायला वर. पोरं शाळा सोडून जातात. कुत्रीही मागोमाग. (तुझ्या अभ्यासाला ती माहिती सोन्यासारखी आहे म्हणा. वर तळांवर उरलेलं अन्न, कुत्री आणि हिमबिबट्याचा इलाखा, सगळं एका जागी.) प्रश्नावली करायची तर चैत्रात ये. बर्फ वितळलेलं, माणसं परतलेली, यार्सा अजून लांब. आत्ता तिकीट फिरव, आणि हे सहा महिने सहसंशोधक शोधण्यात घाल. कीर्तिपूरला त्रिभुवन विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे, तिथून सुरुवात कर. फक्त सहीपुरता माणूस नको शोधूस. इथली मंडळी बाहेरून येऊन नमुने घेऊन पसार होणाऱ्यांना पुरेपूर ओळखून आहेत.

शंकासुर
पत्रव्यवहार करताना तारखाही बघा. कोषाकडून २०८२ असोज असं काही आलं तर टायपो समजू नका, विक्रम संवत आहे.

सह्यकन्या
अरे देवा. पहिल्या ईमेलमध्ये २०८२ होतं आणि मी त्यांना 'कृपया वर्ष दुरुस्त करून पाठवा' असं कळवलंय.

काठमांडूकर
😂😂 मग तिसरं कार्यालय का गप्प आहे ते कळलं.

सह्यकन्या (नऊ दिवसांनी)
अपडेट. तिकीट रद्द, अडीच हजार गेले (भारु). लसीचा पहिला डोस झाला. विष्ठा पूर्ण वगळली, रक्त काठमांडूतच तपासायचं ठरलं. कुत्रा चावण्याचे प्रश्न ठेवायचे की काढायचे यावर मार्गदर्शकांशी भांडण चालू आहे, ते म्हणतात काढून टाक म्हणजे परिषदेची कटकट नको. मला ठेवायचेत. कीर्तिपूरच्या एका प्राध्यापिकेनं उत्तर दिलंय, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'शोधनिबंधात माझ्या विद्यार्थ्याचं नाव कितवं?' काय लिहू?

निळावंती
पहिलं म्हण. मग बोलणी सुरू होतील.

आबासाहेब
आम्ही चौघं ज्येष्ठ नागरिक वैशाखात मुक्तिनाथला जायचं म्हणतोय. आम्हाला यातला कोणता परवाना लागेल?

काठमांडूकर
आबा, तुम्हाला तो हजार रुपयांचावाला. सह्यकन्येकडं एक पडून असेल, पण नाव बदलता येत नाही. नवा धागा काढा, तिथं सांगते.