फॅमिली ग्रुपवर: अमेरिकेतला इन्कम टॅक्स खरंच जाणार का?

मिलिंदकाका: फॉरवर्डेड – अमेरिका इन्कम टॅक्स कायमचा बंद करणार! फक्त २३ टक्के विक्रीकर!! आपल्याकडे कधी? 🙏

निनाद, अटलांटा: काका, हे फॉरवर्ड अधूनमधून उगवतंच. आमच्या जॉर्जियाचेच खासदार जॉन लिंडर यांनी १९९९ मध्ये हे 'फेअरटॅक्स' विधेयक पहिल्यांदा आणलं. तेव्हापासून परत परत मांडतात, मंजूर काही होत नाही.

सायली: दादा, २३ की ३०? मी ३० वाचलं होतं.

निनाद, अटलांटा: दोन्ही एकच. तू काउंटरवर १०० डॉलर दिलेस, त्यातले ७७ दुकानदाराचे, २३ सरकारचे. शंभरावर धरलं तर २३ टक्के. आपण जीएसटी मोजतो तसा मूळ किमतीवर लावला तर ३०. प्रचारात अर्थातच २३ 😏

मिलिंदकाका: असेना ३०. पगार तर अख्खा हातात येईल! रिटर्न नाही, सीए नाही, नोटिसा नाहीत.

निनाद, अटलांटा: येईल. सोशल सिक्युरिटीची कपातही जाईल. आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातंच गुंडाळायचं म्हणतात. गरिबांवर बोजा नको म्हणून दारिद्र्यरेषेइतक्या खर्चावरचा कर दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला आगाऊ परत.

विद्याआत्या: आणि तुझे सासरे रे? ते तर रिटायर झाले.

निनाद, अटलांटा: आत्या, मुद्द्याचं बोललीस. त्यांनी जन्मभर इन्कम टॅक्स भरून उरलं ते साठवलं. आता तेच पैसे खर्च करताना पुन्हा कर. नुसत्या वाणसामानावर नाही, डॉक्टरच्या बिलावर, घरभाड्यावरसुद्धा. सुटका फक्त जुन्या वस्तूंना. सेकंडहँड गाडी घेतली तर कर नाही.

सायली: आणि ज्याचा निम्मा पगार शेअर्समध्ये जातो, त्याला त्या निम्म्यावर आत्ता काहीच नाही. ज्याचा महिनाअखेरीला खडखडाट, तो सगळ्यावर भरणार. त्या परताव्याने अगदी गरीब वाचतील, मधल्यांचं काय?

विद्याआत्या: मिलिंद, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तू ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होतास. इन्कम टॅक्स गेला का तुझा?

मिलिंदकाका: 😐

निनाद, अटलांटा: इथेही तीच धास्ती आहे, दोन्ही कर मानगुटीवर बसतील ही. इन्कम टॅक्सचा अधिकार १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीतून आलाय. ती सात वर्षांत रद्द झाली नाही, तर विक्रीकरच संपेल असं कलम विधेयकात घातलंय. पण तोवर इन्कम टॅक्सची सगळी यंत्रणा मोडलेली असणार. मग सरकार चालवायचं कशावर?

मिलिंदकाका: तरी मला पटतं बुवा. नोकरदाराचा पगार हातात यायच्या आधीच कापतात, धंदेवाला रोखीत मिटवतो. खरेदीला आला की तोही सापडेल.

निनाद, अटलांटा: सापडेल, पक्कं बिल घेतलं तर. ३० टक्के वाचत असतील तर इथला प्लंबरही विचारेल, "बिल लागणारच आहे का?"